ब्रेस्लाउचा मास्तर : आडोल्फ आंडरसेन

थोर पुरुषांची चरित्रे वाचता वाचता विद्यार्थ्यांच्या मनात बहुधा अशी समजूत दृढ होते की, कीर्ती ही राजसभेत किंवा रणांगणावर मिळावयाची वस्तू आहे. शाळेच्या खोलीत खडू हाती घेऊन उभ्या राहणाऱ्याच्या वाट्यास ती यावयाची नाही. ह्या समजुतीस बाध आणणारे एक चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्याचे हे चरित्र, तो मनुष्य जन्मभर शाळामास्तर होता. त्याने आपले गाव सोडले नाही आणि आपली नोकरीही सोडली नाही. अधूनमधून तो परमुलखात जाई, युरोपातील नामांकित खेळाडूंशी बुद्धिबळाच्या पटावर झुंजे, कधी जिंके, कधी हरे, आणि पुन्हा आपल्या वर्गात येऊन मुलांस गणित शिकवू लागे. त्याचे नाव आडोल्फ आंडरसेन.

बुद्धिबळाचा खेळ आपल्याच देशातला. चतुरंग ह्या नावाने तो हिंदुस्थानात जन्मला, इराणात गेल्यावर शतरंज झाला आणि अरबांच्या हातून युरोपास पोचला. तिकडे वजिराची राणी झाली, हत्तीचा बुरूज झाला, आणि इंग्रजांच्या पटावर तर आपल्या उंटाने चक्क बिशपचा झगा चढविला! पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर व उंट ह्यांस लांब पल्ल्याच्या चाली मिळाल्या आणि संथ खेळ एकाएकी जलद व धोक्याचा झाला. आम्ही ह्या लेखात आपल्याकडील वजीर, हत्ती, उंट व घोडा हीच नावे वापरणार आहोत.

आंडरसेनचा जन्म ६ जुलै १८१८ रोजी ब्रेस्लाउ येथे झाला. हे शहर त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होते. १९४५ नंतर ते पोलंडकडे गेले व आज व्रोत्सवाफ ह्या नावाने ओळखले जाते. नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्यास मोहऱ्यांच्या चाली शिकविल्या. पुढची विद्या त्याने बव्हंशी पुस्तकावरूनच मिळविली. लाबूर्दोने हा फ्रेंच व मॅक्डॉनेल हा आयरिश, ह्या दोन नामांकित खेळाडूंच्या पन्नास डावांचे एक पुस्तक विल्यम लुइस ह्याने प्रसिद्ध केले होते. ते ह्या मुलाच्या हाती पडले आणि त्याने त्याचे जणू पारायण केले. यथाकाल तो ब्रेस्लाउच्या विद्यापीठात गणित व तत्त्वज्ञान शिकला आणि शहरातील फ्रीडरिख्स जिम्नेझियममध्ये शिक्षक झाला. जिम्नेझियम म्हणजे कसरतीची तालीम नव्हे. जर्मन लोक मोठ्या मुलांच्या शाळेस, म्हणजे आपल्या हायस्कुलासच, असे म्हणतात. त्याने लग्न केले नाही. विधवा आई व अविवाहित बहीण ह्यांच्यासह तो राहत असे, आणि ते घर त्याच्या पगारावर चाले.

विद्यार्थिदशेतच, म्हणजे १८४२ साली, त्याने आपण रचलेली साठ कोडी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. बुद्धिबळाचे कोडे म्हणजे पटावर काही मोहरी मांडून, अमुक चालींत मात करा, असे घातलेले आव्हान होय. कोडे रचणाऱ्यास उलट्या दिशेने विचार करावा लागतो. शेवटची मात आधी डोळ्यांपुढे आणावयाची आणि तेथून एकेक पाऊल मागे येत, कोणते मोहरे कोठे असले म्हणजे हे घडेल, ते शोधावयाचे. भूमितीचे प्रमेय सिद्ध करणाऱ्यास ही रीत अपरिचित नाही. आंडरसेनच्या पुढील यशाचे मूळ आम्हांस ह्या सवयीत दिसते. इतरांस जेथे केवळ मोहऱ्यांची गर्दी दिसे, तेथे त्यास शेवट दिसे.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेचा प्रचंड महाल उभारून सर्व राष्ट्रांचे औद्योगिक प्रदर्शन भरविण्यात आले. त्या निमित्ताने जगातील पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा घ्यावी, अशी कल्पना हॉवर्ड स्टॉन्टन ह्या इंग्रज खेळाडूने काढली. स्टॉन्टनने १८४३ साली पॅरिसमध्ये सेंत-आमां ह्या फ्रेंच खेळाडूस हरविल्यापासून त्यास पहिल्या प्रतीचा मान मिळत होता. आज स्पर्धांतून वापरल्या जाणाऱ्या मोहऱ्यांच्या घाटासही त्याचेच नाव आहे. आंडरसेनने त्यापूर्वी १८४८ साली हार्विट्झ ह्या कसलेल्या खेळाडूशी सामना बरोबरीत सोडविला होता. त्यामुळे जर्मन खेळाडूंच्या वतीने त्यास पाचारण झाले. परंतु मास्तरांच्या पगारात लंडनचा प्रवास कसा बसावा? तेव्हा स्टॉन्टनने त्यास कळविले की, बक्षीस न मिळाल्यास प्रवासाचा खर्च आपण स्वतः सोसू. प्रतिस्पर्ध्यास घरून बोलावून आणण्यासाठी स्वतःच्या खिशात हात घालणारा हा गृहस्थ पुढे त्याच पाहुण्याकडून हरावयाचा होता.

स्पर्धेत सोळा खेळाडू होते आणि हरेल तो बाद, असा नियम होता. आंडरसेनने पहिल्या फेरीत किझेरिट्स्की, दुसरीत हंगेरीचा सेन, तिसरीत खुद्द स्टॉन्टन व अखेरीस वायविल ह्यांस जिंकले आणि १८३ पौंडांचे पहिले बक्षीस मिळविले. स्टॉन्टनला त्याने चार डाव एकाने हरविले. जो मनुष्य स्पर्धेपूर्वी आपल्या प्रांताबाहेर फारसा कोणास माहीत नव्हता, तो युरोपातील अग्रगण्य खेळाडू म्हणून परत गेला.

परंतु गंमत अशी की, त्या उन्हाळ्यातील ज्या डावामुळे आंडरसेनचे नाव आज घेतले जाते, तो स्पर्धेतला नव्हताच. २१ जून १८५१ रोजी, फुरसतीच्या वेळी, स्ट्रँड रस्त्यावरील सिम्प्सन्स डिव्हान ह्या कॉफीगृहात तो किझेरिट्स्कीबरोबर सहज खेळावयास बसला. लियोनेल किझेरिट्स्की हा बाल्टिक प्रांतातील डोरपाटचा राहणारा. तोही पूर्वी गणिताचा शिक्षक होता. पुढे तो पॅरिसला जाऊन बुद्धिबळाच्या शिकवण्यांवर निर्वाह करू लागला. म्हणजे पटाच्या दोन्ही बाजूंस गणिताचे मास्तरच बसले होते!

पांढरी मोहरी आंडरसेनकडे होती. त्याने दुसऱ्याच चालीस एक प्यादे देऊ केले; अकराव्या चालीस एक उंट मारू दिला. पुढे काळ्याचा वजीर पांढऱ्याच्या गोटात शिरला. त्याने एक हत्ती मारला. काळ्याच्या उंटाने दुसरा मारला. एवढी लूट चालू असता आंडरसेनने ती वाचविण्याची धडपड केली नाही. त्याने राजासमोरचे एक साधे प्यादे एक घर पुढे सारले, इतकेच. पाहणारास ही चाल निरर्थक वाटावी. परंतु त्या प्याद्याने काळ्या वजिराची घरी परत येण्याची तिरपी वाट अडविली. वजीर लूट घेऊन दूर कोपऱ्यात राहिला आणि इकडे त्याचा राजा उघडा पडला.

आता आम्ही विद्यार्थ्यांस विनंती करतो की, त्यांनी येथे पट मांडावा. पांढऱ्या बाजूस बसले असता डावीकडून उजवीकडे आठ उभ्या ओळींस ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे देतात आणि आपल्याकडून समोर १ ते ८ असे आकडे मोजतात. पांढरी मोहरी अशी : राजा ई२, वजीर एफ३, उंट डी६, घोडे डी५ व एफ५, प्यादी ए२, सी२, डी३, ई५, जी४, एच५. काळी मोहरी अशी : राजा ई८, वजीर ए१, हत्ती ए८ व एच८, उंट सी८ व जी१, घोडे ए६ व जी८, प्यादी ए७, बी५, डी७, एफ७, जी७, एच७. चाल पांढऱ्याची आहे. पांढऱ्याचे दोन्ही हत्ती व एक उंट गेले आहेत. काळ्याचे वजिरासह एकही मोठे मोहरे गेलेले नाही. पांढऱ्याने तीन चालींत मात करावयाची आहे. पुढील परिच्छेद वाचण्यापूर्वी प्रत्येकाने थोडा वेळ तरी स्वतः विचार करावा.

आता उकल. पांढरा घोडा एफ५ वरून जी७ वरील प्यादे मारतो व शह देतो. काळ्या राजास ई७ व एफ८ ही घरे डी६ वरील उंटाने बंद केली आहेत. म्हणून त्यास डी८ वर जाण्यावाचून गत्यंतर नाही. त्या जागी राजास मात करण्याची दोन दारे आहेत, सी७ आणि ई७. ह्यांपैकी कोणत्याही घरात पांढरा उंट निर्वेध बसला की मात झालीच, कारण डी५ वरील घोडा दोन्ही घरांस जोर देतो. परंतु काळ्याने दोन्ही दारांवर पहारा ठेवला आहे. ए६ वरचा घोडा सी७ राखतो. जी८ वरचा घोडा ई७ राखतो. पहारेकऱ्यास दारावरून हालविल्याशिवाय आत शिरता येत नाही. आणि येथे आंडरसेनने जे पाहिले, त्यामुळे हा डाव अमर झाला. पांढरा वजीर एफ३ वरून एफ६ वर जाऊन शह देतो. तेथे त्यास जी८ वरचा घोडा उघड उघड मारू शकतो, आणि त्याने मारावे हाच हेतू आहे. घोड्याने वजीर मारला की ई७ चे दार मोकळे पडते. उंट डी६ वरून ई७ वर येतो, आणि मात! राजाचे सी८ व डी७ ही घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडविली आहेत. सी७ वर डी५ च्या घोड्याची व ई८ वर जी७ च्या घोड्याची नजर आहे. वजीर न मारता काळ्याने तोच घोडा ई७ वर मध्ये घातला, तर उंट त्यास मारून तेथेच मात करतो.

शेवटी पटावर नजर टाकावी. काळ्याजवळ वजीर, दोन हत्ती, दोन उंट व दोन घोडे, सर्व काही शाबूत आहे. त्याची अवघी तीन प्यादी गेली. पांढऱ्याजवळ एक उंट, दोन घोडे व काही प्यादी एवढेच उरले आहे. तरीही ज्याच्याजवळ सर्व आहे तो हरला आणि ज्याने सर्व दिले तो जिंकला.

पुढील काळातील विश्लेषकांनी ह्या डावाची कसून छाननी केली आहे. आंडरसेनला एखाद्या ठिकाणी याहून बळकट चाल होती आणि काळ्यासही शेवटी अधिक चिवट बचाव करता आला असता, हे त्यांनी दाखविले आहे. आमच्या मते त्यामुळे डावाचे मोल उणे होत नाही. तो निर्दोष म्हणून जतन झालेला नाही, सुंदर म्हणून झाला आहे.

किझेरिट्स्कीचीही येथे आठवण ठेवली पाहिजे. हा डाव दडपून टाकणे त्याच्या हाती होते. कॉफीगृहातील खेळ, तो विसरला गेला असता. परंतु ह्या पराभूत मनुष्याने स्वतःच तो टिपून घेऊन पॅरिसला पाठविला आणि आपण चालवीत असलेल्या बुद्धिबळाच्या मासिकात त्याच वर्षी छापला. १८५५ साली फाल्कबीअर ह्या ऑस्ट्रियन खेळाडूने त्या डावास अमर हे विशेषण लावले. तोपर्यंत किझेरिट्स्की हयात नव्हता. तो १८५३ साली पॅरिसमध्ये विपन्न स्थितीत वारला होता. प्रतिस्पर्ध्याच्या यशाचा दिवा त्याने आपल्या हाताने लावून ठेवला, हे थोडे नव्हे.

पुढच्याच वर्षी, १८५२ साली, बर्लिन येथे ड्युफ्रेन नावाच्या खेळाडूविरुद्ध आंडरसेनने असाच वजीर देऊन मात केली. तो डाव सदाहरित म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु मनुष्याची परीक्षा विजयात पुरती होत नाही. ती व्हावयाची होती.

१८५८ साली अमेरिकेतून पॉल मॉर्फी हा एकवीस वर्षांचा तरुण युरोपात आला आणि त्याने एकामागून एक खेळाडू जिंकण्याचा सपाटा लावला. आंडरसेनशी खेळावे, अशी त्याची मोठी इच्छा होती. आंडरसेन चाळीस वर्षांचा, शाळेत गुंतलेला. ब्रेस्लाउमध्ये तोलामोलाचे खेळाडू नसल्याने सरावही सुटलेला. न जाण्यास त्यास हवी तितकी कारणे होती आणि गेल्याने कीर्ती गमावण्याचाच संभव अधिक होता. तरीही नाताळच्या सुटीत तो पॅरिसला गेला. मॉर्फी आजारी असल्याने सामना त्याच्या हॉटेलातील खोलीत झाला. पहिला डाव आंडरसेनने जिंकला, दुसरा बरोबरीत सुटला, आणि मग मॉर्फीचा झपाटा सुरू झाला. अखेर मॉर्फीचे सात, आंडरसेनचे दोन व बरोबरीचे दोन, असा निकाल लागला.

आंडरसेनने सबब सांगितली नाही. बुद्धिबळातील नैपुण्य दागिन्याप्रमाणे पेटीत जपून ठेवता येत नाही, सततच्या सरावानेच ते टिकते, एवढे त्याने खरे ते बोलून दाखविले; परंतु मॉर्फी आपल्याहून सरस आहे, हे मान्य करण्यास तो कचरला नाही. ड्युफ्रेनविरुद्ध खेळलात तसे येथे का खेळला नाहीत, असे कोणी विचारले तेव्हा मॉर्फी तसे खेळू देत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. सुटी संपताच तो परत आपल्या गावी व आपल्या शाळेकडे गेला.

ह्यानंतर तो विझून गेला असता तर नवल नव्हते. परंतु १८६२ साली लंडनच्या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेत तो पुन्हा पहिला आला. तेरा डावांपैकी बारा त्याने जिंकले. एकच हरला, तो रेव्हरंड जॉन ओवेन ह्या इंग्लंडातील धर्मोपदेशकाशी. १८६५ साली ब्रेस्लाउ विद्यापीठाने त्यास सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. १८६६ साली विल्हेल्म स्टाइनिट्झबरोबर चौदा डावांचा सामना झाला. त्यात एकही डाव बरोबरीत सुटला नाही. सहा-सहा अशी स्थिती असता शेवटचे दोन डाव स्टाइनिट्झने घेतले. ह्याच स्टाइनिट्झने पुढे, मोहऱ्यांची जागा हळूहळू सुधारीत नेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत घालून दिली आणि १८८६ साली तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला. तथापि १८७० साली बाडेन-बाडेन येथे, फ्रान्स व प्रशिया ह्यांचे युद्ध नुकतेच पेटले असता भरलेल्या स्पर्धेत, बावन्न वर्षांच्या मास्तरने स्टाइनिट्झचे दोन्ही डाव जिंकून पहिले बक्षीस मिळविले. दरम्यान ब्रेस्लाउमध्ये झुकरटोर्ट नावाचा तरुण त्याच्याजवळ खेळून तयार झाला. १८६८ साली गुरूने शिष्यास हरविले. १८७१ साली शिष्याने गुरूस. हा झुकरटोर्ट पुढे १८८६ साली जगज्जेतेपदासाठी स्टाइनिट्झसमोर बसला.

१८७७ साली लाइपझिग येथे, आंडरसेन पटाशी प्रथम बसला त्यास पन्नास वर्षे झाली म्हणून, जर्मन खेळाडूंनी समारंभपूर्वक स्पर्धा भरविली. तीत तो दुसरा आला. १८७८ साली पॅरिसला तो शेवटचा खेळला, आणि १३ मार्च १८७९ रोजी जन्मगावीच त्याचा अंत झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या थडग्याची हानी झाली. पुढे १९५७ साली पोलंडच्या बुद्धिबळ संघाने त्याचे अवशेष ओसोबोवित्से दफनभूमीत हालविले. ज्या राष्ट्राचा तो नव्हता, त्या राष्ट्राच्या लोकांनी त्याची कबर राखली.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रापासून काय घ्यावे? आम्हांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, त्याग व उधळपट्टी ह्यांतील भेद. आंडरसेनने वजीर टाकला नाही, दिला. आणि देण्यापूर्वी त्या देण्याने कोणते दार उघडते, हे त्याने पाहिले होते. परिणामाचा विचार न करता जवळचे फेकणारा शूर दिसेल, पण त्यागी ठरणार नाही. शिवाय त्या मोठ्या दानाच्या आधी एका प्याद्याचे निमूट पाऊल होते. पाहणारे वजिराचे बलिदान आठवतात. प्याद्याची चाल कोणी आठवीत नाही. पण ती नसती तर काळा वजीर परत आला असता आणि सारेच फुकट गेले असते. घरोघरी अशी प्यादी असतात. ज्याच्या फीसाठी कोणी आपले सुख निमूटपणे मागे सारले आहे, अशा विद्यार्थ्यास हे अधिक सांगणे नलगे.

दुसरी गोष्ट देणगीच्या उपयोगाची. मॉर्फीस आंडरसेनहून मोठी देणगी होती, परंतु युरोपातून परतल्यावर थोड्याच काळात त्याने गंभीर खेळ सोडला आणि १८८४ साली तो अकाली गेला. स्टाइनिट्झने सारे आयुष्य खेळास वाहिले आणि १९०० साली न्यूयॉर्कमध्ये दारिद्र्यात देह ठेवला. ह्या दोघांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या दुःखांचा न्याय करणारे आम्ही कोण? परंतु आंडरसेनने तिसरा मार्ग दाखविला. प्रभूच्या दाखल्यातील भित्र्या चाकराप्रमाणे त्याने आपली देणगी जमिनीत पुरून ठेवली नाही, आणि तिच्यापायी आई, बहीण व वर्ग ह्यांसही अंतर दिले नाही. हरण्याची शक्यता दिसत असूनही तो पॅरिसला गेला, कारण बोलावणे आले असता घरी बसून राखलेली कीर्ती ही पुरलेल्या नाण्यासारखीच होय. तो हरला, सुटी संपली, आणि जिम्नेझियमचा गणिताचा तास पुन्हा सुरू झाला.

परीक्षेत, खेळात किंवा पुढे संसारात आपल्यापैकी प्रत्येकावर कधी ना कधी हरण्याची पाळी येणार आहे. तेव्हा सबब न सांगता, जिंकणाऱ्याचा मोठेपणा मान्य करून दुसऱ्या दिवशी वेळेवर आपल्या कामावर हजर होण्याचे बळ ईश्वर आपणां सर्वांस देवो.